लांछन, मुद्रा आणि बोधचिन्ह

आजच्या मराठींत एखाद्या घराण्याला लांछन लागलें असें म्हटलें कीं ऐकणाऱ्याची मान खालीं जाते. अकराशें वर्षांपूर्वीं हाच शब्द उच्चारतांना माना ताठ होत असत. लांछन म्हणजे राजकुलाची खूण. ध्वजावर फडकणारी आणि ताम्रपटाच्या कडीवर उमटणारी. बदामीच्या चालुक्यांचें लांछन वराह होतें, त्यांच्यामागून आलेल्या राष्ट्रकूटांचें गरुड. खूण आणि डाग हे दोन्ही अर्थ संस्कृतांत होते. मराठीच्या रोजच्या बोलण्यांत डाग तेवढा उरला.

या राष्ट्रकूटांचें मराठवाड्याशीं जवळचें नातें आहे. त्यांची राजधानी पुढें मान्यखेटास, म्हणजे आजच्या मालखेडास गेली. तरी आपण मूळचे कोठले याचा विसर त्यांनीं पडूं दिला नाहीं. अमोघवर्षाच्या काळच्या, इ. स. ८६६ मधील शिरूर व नीलगुंद येथील कोरीव लेखांत ‘लट्टलूर या श्रेष्ठ नगराचा स्वामी’ अशा अर्थाचें बिरुद त्यास लावलेलें आहे. हें लट्टलूर म्हणजेच आजचें लातूर, असें बहुतेक संशोधक मानतात. राष्ट्रकूटांचें साम्राज्य बुडाल्यानंतर सौंदत्तीचे रट्ट हे मांडलिक तेंच लट्टलूरचें बिरुद आणि तोच गरुडध्वज अभिमानानें मिरवीत राहिले. नांवाला व चिन्हाला केवढी किंमत असते, हें व्यापाऱ्यांच्या कितीतरी आधीं राजांनीं ओळखलें होतें.

मुद्रेचें काम नुसत्या शोभेचें नव्हतें. एखादें गांव विद्वान ब्राह्मणास किंवा देवालयास दान दिलें म्हणजे त्याचा मजकूर तांब्याच्या पत्र्यांवर कोरीत, ते पत्रे कडीमध्यें ओवीत आणि कडीच्या सांध्यावर राजमुद्रा बसवीत. पुढें कोणी त्या जमिनीवर हक्क सांगितला तर गांवासमोर तो पट काढावयाचा आणि मुद्रा दाखवावयाची. जेथें मोल आहे तेथें नक्कलही येते. बनावट ताम्रपट करून जमिनी लाटण्याचे उद्योग त्या काळींही झाले. भारतीय कोरीव लेखांच्या अभ्यासांत ‘बनावट ताम्रपट’ असा एक स्वतंत्र वर्गच करावा लागला आहे.

परंतु या ताम्रपटांच्या मुद्रा दुसऱ्या एका ठिकाणींही उमटल्या आहेत. ‘एपिग्राफिया इंडिका’च्या खंडांतून फ्लीट आदि पंडितांनीं त्यांचे ठसे व छायाचित्रें छापलीं. तोही एका अर्थीं नक्कलच. पण बनावट ताम्रपट करणारा मुद्रा उमटवितो ती लोकांनीं फसावें म्हणून, आणि फ्लीटसारखा पंडित ती छापतो ती लोकांनीं फसूं नये म्हणून. खरी मुद्रा कशी असते हें ज्यानें पाहिलें आहे त्यालाच खोटी ओळखतां येते. चित्र एकच, हेतु मात्र दोन. पुढच्या सगळ्या कायद्याचें बीज या भेदांत आहे.

राजांच्या पाठोपाठ व्यापारी आले. ज्याला अक्षर येत नाहीं त्या गिऱ्हाइकानें आपला माल ओळखावा म्हणून तागे, पेट्या आणि डबे यांवर चित्रें आलीं. बाजारांत त्यांना ‘छाप’ किंवा ‘मार्का’ म्हणूं लागले. विलायतेंत १८७५ सालीं व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि १ जानेवारी १८७६ रोजीं बास या मद्य करणाऱ्या कंपनीचा तांबडा त्रिकोण पहिल्या क्रमांकावर नोंदला गेला. ब्रिटिश हिंदुस्थानांत खोट्या छापांना आळा घालणारा कायदा १८८९ मध्यें आला, तर चिन्हांची रीतसर नोंदणी १९४० च्या कायद्यानें सुरू झाली. स्वतंत्र भारतानें १९५८ व १९९९ सालीं नवे कायदे केले. आज चालतो तो १९९९ चा, आणि तो अमलांत आला १५ सप्टेंबर २००३ पासून.

एका चिन्हावर दोन प्रकारचे हक्क असूं शकतात, हें पुष्कळ सुशिक्षितांच्याही ध्यानांत येत नाहीं. एखाद्या कंपनीनें चित्रकाराकडून बोधचिन्ह काढून घेतलें, तर चित्र म्हणून त्याला प्रताधिकार, म्हणजे ज्यास लोक कॉपीराइट म्हणतात तो लागतो. तेंच चित्र मालाची ओळख म्हणून वापरलें कीं तें व्यापारचिन्हही होतें. पहिला हक्क कांहीं काळानें संपतो. भारतांत तो सामान्यतः कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत चालतो. दुसरा, नोंदणीचें नूतनीकरण होत राहिलें तर कधींच संपत नाहीं. उलट ज्या चिन्हांत साध्या अक्षरांपलीकडे कांहींच नाहीं, त्याला प्रताधिकार न मिळतांही व्यापारचिन्हाचें संरक्षण मिळूं शकतें. कोशकाराला म्हणून दोन दारें ठोठवावीं लागतात.

हीं दारें मुळींच बंद नाहींत. अमेरिकेंत १८४१ सालीं जॉर्ज वॉशिंग्टनच्या पत्रांच्या एका खटल्यांत न्यायमूर्ति स्टोरी यांनीं दुसऱ्याच्या ग्रंथांतून किती व कशासाठीं घेतलें, आणि त्यामुळें मूळ ग्रंथाच्या विक्रीचें कितपत नुकसान झालें, हें पाहिलें पाहिजे असें सांगितलें. त्यांतूनच पुढें तेथील १९७६ च्या कायद्यांतील ‘न्याय्य वापरा’चें तत्त्व आकारास आलें. इंग्रजांनीं १९११ च्या कायद्यांत ‘न्याय्य व्यवहार’ असा शब्द घालून खाजगी अभ्यास, संशोधन, टीका, परीक्षण आणि वृत्तपत्रांतील सारांश एवढीं कारणें मोजून दिलीं. तोच कायदा १९१४ सालीं हिंदुस्थानास लागू झाला, आणि १९५७ च्या भारतीय कायद्याच्या ५२ व्या कलमांत तें तत्त्व टिकून राहिलें. व्यापारचिन्हाच्या कायद्याचें ३० वें कलमही असेंच आहे. अमुक माल अमुक धन्याचाच आहे हें दाखविण्यासाठीं त्याचें चिन्ह वापरण्यास तें मोकळीक देतें. मात्र तो वापर प्रामाणिक रीतीचा असला पाहिजे आणि चिन्हाच्या लौकिकाचा गैरफायदा घेणारा किंवा त्याला बट्टा लावणारा नसला पाहिजे.

येथें अमेरिकेची वाट आणि भारताची वाट यांत एक फरक आहे. अमेरिकन न्यायाधीश कारणांची यादी बंद करीत नाहींत. हेतु, मूळ कृतीचें स्वरूप, घेतलेला भाग आणि बाजारावरील परिणाम या चार गोष्टी तोलून पाहतात. भारतांत मात्र कायद्यानें सांगितलेल्या कारणांपैकीं एखादें लागू पडावें लागतें. म्हणून अमेरिकेंत जें सहज चालतें तें येथें चालेलच, असें गृहीत धरणें कोशकाराला धोक्याचें आहे.

छापील कोशांच्या काळांत हा प्रश्न फारसा उद्भवला नाहीं. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं १९२० ते १९२९ या काळांत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले. त्या काळीं चित्र छापावयाचें म्हणजे त्याचा ठसा करून घ्यावा लागे. तो खर्चिक असल्यानें चित्रें मोजकींच असत. पुढें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखालीं मराठी विश्वकोशाचें काम चाललें आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्यें निघाला. असे खंड ग्रंथालयाच्या कपाटांत राहत. कोणत्या पानावर कोणाचें चिन्ह आहे हें पाहावयास कोणी धनी येत नसे.

१५ जानेवारी २००१ रोजीं इंटरनेटवर विकिपीडिया हा कोश सुरू झाला आणि १ मे २००३ पासून त्याची मराठी आवृत्ति चालूं लागली. कोणीही लिहावें, कोणीही वाचावें आणि कोणींही त्यांतून नक्कल करून घ्यावी, अशी त्याची रीत. तिसऱ्या गोष्टींतच अडचण आहे. कोशांतील मजकूर नक्कल करावयास मोकळा आहे, परंतु एखाद्या कंपनीचें चिन्ह मोकळें नाहीं. तें कोशांत ठेवलें तर वाचक तेंही मोकळें समजून उचलील, आणि न ठेवलें तर लेख आंधळा होईल. कोश चालविणाऱ्या विकिमीडिया संस्थेनें २३ मार्च २००७ रोजीं ठराव करून मधला मार्ग काढला. सर्वसाधारण नियम असा कीं सामग्री मुक्तच असावी. अपवाद करावयाचा असेल तर प्रत्येक भाषेच्या कोशानें तेथील कायदा पाहून आपले नियम लिहून काढावेत आणि अपवाद अगदीं थोडा ठेवावा. ज्यांसाठीं हा अपवाद आहे त्यांत बोधचिन्हांचा स्पष्ट उल्लेख आहे. इंग्रजी आवृत्तीनें त्यावरून काटेकोर नियम केले. चित्र लहान व कमी स्पष्टतेचें असावें, त्याला मुक्त पर्याय नसावा, तें प्रत्यक्ष लेखांतच यावें आणि तें कां वापरलें हें प्रत्येक ठिकाणीं लिहावें. स्पॅनिश आवृत्तीनें मात्र असा अपवाद नकोच म्हणून ठरविलें. एकाच घरांतील दोन भावांनीं दोन निराळ्या वाटा धराव्या तसें हें झालें.

या प्रश्नाची खरी परीक्षा २०१० मध्यें झाली. अमेरिकेच्या एफबीआय या तपासखात्यानें त्या वर्षीं जुलै महिन्यांत विकिमीडियास पत्र पाठवून, आपली मुद्रा कोशांतील लेखावरून काढून टाकावी अशी मागणी केली. बिल्ले व ओळखचिन्हें यांची नक्कल करण्यास मनाई करणारा कायदा पत्रांत दाखविला होता. संस्थेचे तेव्हांचे कायदेसल्लागार माइक गॉडविन यांनीं उत्तर दिलें कीं, त्या कायद्याचा रोख तोतयांवर आहे. खोटा बिल्ला लावून सरकारी अधिकारी म्हणून मिरवूं पाहणाऱ्यावर आहे. एफबीआय म्हणजे काय हें सांगणाऱ्या लेखांत तिची मुद्रा पाहून कोणी फसत नाहीं. मुद्रा लेखांत तशीच राहिली. लट्टलूरच्या स्वामींच्या काळीं जो भेद होता तोच पुन्हां एकदां पुढें आला: मुद्रा धारण करणें वेगळें आणि मुद्रा दाखविणें वेगळें.

भारताच्या कायद्यांतही हा भेद जागोजाग दिसतो. राष्ट्रीय चिन्हें व नांवें यांचा गैरवापर रोखणारा कायदा १९५० सालीं झाला. त्याच्या परिशिष्टांत राष्ट्रध्वज आहे, संयुक्त राष्ट्रांचें चिन्ह आहे. महात्मा गांधी आणि छत्रपति शिवाजी महाराज यांचीं नांवें व चित्रेंही आहेत. मनाई आहे ती व्यापार, धंदा, व्यवसाय, पेटंटचें शीर्षक, व्यापारचिन्ह किंवा डिझाइन यांसाठीं परवानगीशिवाय तीं वापरण्याची. शिवचरित्रांत महाराजांचें चित्र छापण्यास तो कायदा आड येत नाहीं. महाराजांच्या नांवावर आपला माल खपविणाऱ्यास येतो. सारनाथच्या सिंहशीर्षावरून घेतलेली आणि २६ जानेवारी १९५० पासून स्वीकारलेली राजमुद्रा हिच्यासाठीं २००५ मध्यें स्वतंत्र कायदा झाला. सरकारशीं संबंध आहे असा आभास उत्पन्न होईल अशा रीतीनें ती वापरूं नये, हा त्याचा गाभा. २००७ च्या नियमांत तर शिक्षकाला समाधान वाटावें अशी तरतूद आहे. पाठ्यपुस्तकांत आणि इतिहास, कला वा संस्कृति यांवरील ग्रंथांत राजमुद्रेचा उगम व अर्थ समजावून देण्यासाठीं ती प्रकरणाच्या आंत छापतां येते. खाजगी ग्रंथाच्या मुखपृष्ठावर मात्र नाहीं. आंत समजावून देण्यासाठीं आणि बाहेर मिरविण्यासाठीं, यांतील सीमारेषा इतक्या स्वच्छपणें क्वचितच आंखली गेली असेल.

हा प्रश्न केवळ वकिलांचा नाहीं, हें नांदेड-लातूरच्या लोकांना दुसऱ्या कोणी सांगावयास नको. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं देश स्वतंत्र झाला तेव्हां हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. तेथें तिरंगा लावणें हा गुन्हा होता. त्याच दिवशीं हैदराबादेंत तो फडकविल्याबद्दल स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. चिन्ह कोणी दाखवावें हें सत्तेनें ठरवावयाचें आणि न ऐकणाऱ्यानें तुरुंगांत जावयाचें, असे तेरा महिने मराठवाड्यानें काढले. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तें राज्य संपलें.

आज त्याच भूमींत तिरंगा तयार होतो. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिति ही अधिकृत राष्ट्रध्वज तयार करणाऱ्या देशांतील मोजक्या संस्थांपैकीं एक आहे. त्याचें खादीचें कापड लातूर जिल्ह्यांतील उदगीर येथें विणलें जातें, आणि कापणें-शिवणें नांदेडला होतें. धाग्यांची संख्या, रंगाची छटा, अशोकचक्राचा आकार, शिवण, सगळें भारतीय मानकाप्रमाणें असावें लागतें. हें मानक १९५१ मध्यें प्रथम प्रसिद्ध झालें आणि त्याचा क्रमांकच मुळीं १ आहे. ध्वजसंहितेंत ३० डिसेंबर २०२१ रोजीं बदल होऊन पॉलिएस्टरच्या व यंत्रावर केलेल्या ध्वजांनाही परवानगी मिळाली, तेव्हां खादीच्या संस्थांना काळजी वाटली ती उगीच नव्हे. हातानें कातलेल्या सुताची मजुरी यंत्राशीं झुंजूं शकत नाहीं. खादी या नांवावर भलताच माल खपूं नये म्हणून २०१३ मध्यें खादी चिन्हाचे नियम झाले, त्यांचें महत्त्व यांत आहे. उदगीरच्या विणकराच्या दृष्टीनें चिन्हाचें रक्षण म्हणजे चुलीचें रक्षण होय. लातूर जिल्ह्यांतील बोरसुरीची तूरडाळ, पटडीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर यांना २०२४ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. तेथील शेतकऱ्यालाही हीच गोष्ट लागू आहे.

म्हणून चिन्हाच्या धन्याची बाजू हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. विद्यापीठाच्या मुद्रेचें मोठें, स्वच्छ चित्र कोणासही मिळूं लागलें तर खोटीं प्रमाणपत्रें करणाऱ्याचें काम सोपें होतें. नांदेडचें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजीं, मुक्तिसंग्रामाच्या दिनींच स्थापन झालें. त्याच्या पदवीपत्रावरील मुद्रा नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतल्या मुलांची आयुष्यभराची पुंजी असते. ती स्वस्त झाली तर नुकसान त्या मुलांचें. पण त्या विद्यापीठावरील लेखांत मुद्रा अजिबात दाखवूं नये म्हटलें, तर खरी मुद्रा कोणती हें जाणून घेऊं पाहणाऱ्या पालकानें तरी कोठें पाहावें? लहान चित्र, एकाच लेखांत, धन्याचें नांव व कारण लिहून, ही रीत येथें उपयोगी पडते. ओळखण्यापुरतें तें पुरतें, छापून फसविण्यास पुरत नाहीं.

शब्दकोशांची अडचण थोडी निराळी आहे. घराघरांतील आजीला कोणतेंही वनस्पति तूप ‘डालडा’च असे, आणि लातूरच्या शिकवण्यांच्या गल्ल्यांत छायाप्रतींच्या प्रत्येक दुकानावर आजही ‘झेरॉक्स’ची पाटी दिसते, यंत्र कोणत्याही कंपनीचें असो. हीं नांवें मुळांत धन्यांचीं. लोकांनीं तीं सामान्यनामें करून टाकलीं. कोशकारानें लोक बोलतात तसें लिहावें, तर धनी म्हणतो माझें नांव बुडालें. युरोपीय संघानें १९९३ सालच्या नियमांत यावर तोड काढली. शब्दकोशांत किंवा ज्ञानकोशांत चिन्ह सामान्यनामासारखें छापलें असेल, तर धन्याच्या मागणीवरून प्रकाशकानें पुढच्या आवृत्तींत तें नोंदलेलें चिन्ह आहे असें नमूद करावें. शब्द काढून टाका, असें तो नियम म्हणत नाहीं. धन्याचा मान राहतो आणि भाषेचा साक्षीदारही गप्प बसत नाहीं.

स्वतः विकिमीडियालाही या वाटेनें जावें लागलें आहे. तुकड्या-तुकड्यांनीं जोडलेल्या पृथ्वीगोलाचें तिचें चिन्ह पूर्वीं पूर्णपणें राखीव होतें. सर्वांस मोकळेपणा शिकविणाऱ्या संस्थेचेंच चित्र तिच्या भांडारांत अपवाद म्हणून ठेवावें लागे! २०१४ मध्यें तिनें त्या चित्राचा प्रताधिकार मुक्त परवान्याखालीं खुला केला, व्यापारचिन्हाचा हक्क मात्र राखून ठेवला. चित्र कोणीही काढावें, पण तें लावून विकिपीडिया म्हणून मिरवूं नये. दोन हक्क निराळे असतात याचें इतकें सोपें उदाहरण दुसरें मिळणें कठीण.

राष्ट्रकूटांच्या गरुडाला आतां धनी उरला नाहीं. तो पाहिजे त्यानें छापावा, शाळेंतील पोरानें वहींत काढावा. कोणी नोटीस पाठविणार नाहीं. तरी तो आज ओळखूं येतो तो कां? त्याचे ठसे कोणी तरी घेतले, जपले आणि ग्रंथांत छापले म्हणून. सध्यां ज्यांच्या चिन्हांचा दबदबा आहे त्या कंपन्या, संस्था आणि खातीं हींही एक दिवस जुनीं होतील. त्यांच्या काळाचा इतिहास लिहिणारा लातूरचा किंवा नांदेडचा अभ्यासक तेव्हां कोश उघडील. त्याला तेथें चिन्ह सांपडावें, आणि आजच्या विणकराची व विद्यार्थ्याची फसवणूकही होऊं नये, या दोहोंची सांगड घालणें हें कोशकाराचें काम आहे. तें कायद्यानें अर्धें करून ठेवलें आहे. उरलेलें अर्धें चित्र किती मोठें घ्यावें, कोठें लावावें आणि खालीं काय लिहावें, एवढ्या विवेकाचें आहे.